फोन कोणाचा?

आलेलं पत्र मोठं आहे, थोडक्यात देते:

"मी जव्हार तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत 9 वर्षं शिकवते. डी.एड. झालंय, बी.ए. मुक्त विद्यापीठातून केलं. कोरोनात शाळा बंद झाली तेव्हा माझ्या चौथीच्या वर्गात 27 मुलं होती आणि त्यातल्या 9 जणांच्या घरी स्मार्टफोन होता. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय, हे सगळं आमच्या मुलांसाठी चाललंय की आमच्या मुलांना सोडून चाललंय? मागे एका प्रशिक्षणात कळलं की 'शिक्षणातलं डिजिटल तंत्रज्ञान आणि सामाजिक न्याय' यावर पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. घरचे म्हणतात, त्यापेक्षा एम.ए. मराठी कर, निदान पास होशील. शाळेतले सर हसतात, 'आधी रेंज येऊ द्या, मग न्याय.' माझं इंग्रजी कच्चं आहे, वय 34. नोकरी सोडून जाऊ का? आणि खरी भीती सांगते. शिकून मी पण प्रशिक्षणात येऊन पीपीटी दाखवणाऱ्या मॅडमसारखी होईन का? नाव छापू नका."

बाई,

नाव छापत नाही. वर्गातली मुलं तुम्हाला बाईच म्हणत असणार, तर मीही तेच म्हणते.

आधी थोडी कानउघाडणी. पत्रासोबत तुम्ही त्या वेळच्या वहीच्या दोन पानांचा फोटो पाठवलात. त्यात मुलांची पूर्ण नावं आणि पालकांचे मोबाईल नंबर स्वच्छ वाचता येत होते. नावं-नंबर सोडून बाकीच्या नोंदी मी उतरवून घेतल्या आणि फोटो पुसून टाकला. तुम्ही विश्वासाने पाठवलात, पण ज्या विषयात शिरायचं म्हणताय त्याचा पहिला धडा इथेच सुरू होतो. कोरोनाच्या काळात सरकारांनी मुलांना वापरायला सांगितलेली अ‍ॅप आणि संकेतस्थळं ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने 49 देशांत तपासली. 2022 साली अहवाल आला, आणि त्यातली बहुतेक साधनं मुलांच्या नकळत त्यांची माहिती गोळा करत होती किंवा दुसऱ्याच्या हाती पडू देत होती. मूल कुठे आहे हे टिपण्यावरून आपल्या सरकारच्या 'दीक्षा' या शिकण्याच्या अ‍ॅपवरही त्यात बोट ठेवलं होतं. 2023 च्या आपल्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. कंपनीला एक न्याय आणि बाईंना दुसरा, असं चालायचं नाही. रागावू नका, मीही हे उशिराच शिकले.

आता त्या वहीबद्दल. तुमच्या पत्रापेक्षा ती पानंच मी जास्त वेळा वाचली.

वरून आलेल्या तक्त्यात रकाने तीनच होते: अनुक्रमांक, नाव, 'स्मार्टफोन आहे/नाही'. चौथा रकाना तुम्ही स्वतः पट्टीने रेघ मारून केलात आणि वर लिहिलंत, 'फोन कोणाचा'. त्याखाली नोंदी आहेत. "बाबाचा, रात्री 8 नंतर." "काकाचा, रिचार्ज नाही." "बाबाचा, दिवाळीनंतर वीटभट्टीवर घेऊन गेला, भिवंडी." 14 नंबरच्या मुलीसमोर तीनच शब्द आहेत, "भावाचा, देत नाही." मी मोजून पाहिलं. 9 फोनांपैकी 6 बापाचे, 2 मोठ्या भावांचे, 1 काकाचा. आईचा एकही नाही.

तालुक्याला जो अहवाल गेला असेल त्यात फक्त 9 हा आकडा गेला असणार. तिथून तो जिल्ह्याला, तिथून आणखी वर, आणि वाटेत कुठेतरी '9 मुलांपर्यंत ऑनलाइन शिक्षण पोहोचलं' असा त्याचा अर्थ झाला असणार. तुमचा चौथा रकाना मात्र वहीतच राहिला. घोडं पेंड खातं ते नेमकं इथे. म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर सोपं आहे. शिका, पण आधी अभ्यासक्रम शोधू नका. तुमच्याकडे जे आहे ते घेऊन निघा आणि त्याला साजेल असा अभ्यासक्रम निवडा. बहुतेक विद्यार्थी उलट करतात. प्रवेश घेतात आणि मग दोन वर्षं संशोधनाचा प्रश्न शोधत हिंडतात.

तुमचा प्रश्न फक्त तुमच्या पाड्यापुरता आहे, असंही समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 57 टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, आणि बायकांपैकी फक्त 33 टक्क्यांनी. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'वाल्यांनी 2023 साली ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींना विचारलं. ज्यांना स्मार्टफोन चालवता येत होता त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे होते 43.7 टक्के आणि मुली 19.8 टक्के. मोठमोठ्या पाहण्यांना जे विचारावं लागलं ते तुम्ही 2020 सालीच पट्टी-पेन्सिलीने विचारलं होतं.

'सामाजिक न्याय' हा शब्द ऐकला की आपल्याकडे माणसं एकदम भाषणाच्या सुरात जातात. अभ्यासात त्याचे तुकडे पाडता येतात. नॅन्सी फ्रेझर या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंची मांडणी या विषयात पुन्हा पुन्हा भेटेल, तर आत्ताच ओळख करून देते. त्या म्हणतात, अन्याय तीन जागी होतो. एक, वस्तू आणि पैशाच्या वाटपात. दोन, कोणाच्या भाषेला, संस्कृतीला मान मिळतो यात. तीन, ठरवताना कोणाला विचारलं जातं यात. आता हे तुमच्या वर्गाला लावून बघा. फोन नाही, रिचार्ज नाही, हे वाटप झालं. बहुतेकांचं घड्याळ इथेच थांबतं: टॅब वाटा, प्रश्न मिटला. पण तुमच्या मुलांच्या घरी वारली किंवा कोकणा बोलतात आणि फोनवर येणारे व्हिडिओ पुण्याच्या मराठीत असतात. टॅब मिळाला तरी ही दुसरी गोष्ट तशीच राहते. आणि तिसरी? 'शाळा बंद पण शिक्षण आहे' म्हणत रोज लिंक पाठवायच्या हे ठरवताना, ज्याचा बाप फोन घेऊन भट्टीवर जातो अशा घराला कोणी विचारलं होतं का? तुम्हाला तरी विचारलं होतं का?

त्याच वर्षी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शाळेच्या अभ्यासाची मालिका सुरू झाली होती. तिला ना डेटा लागत होता ना स्मार्टफोन. तुमच्या 27 घरांपैकी किती घरांत टीव्ही होता आणि मालिकेच्या वेळी वीज असायची का, हे वहीत नाही. आठवत असेल तर लिहून काढा. तंत्रज्ञान म्हणजे फोनच, हे आपण फार लवकर मान्य करून टाकलं असं माझं मत आहे.

आणि हे सगळं बाहेरून आलेलं आहे असंही वाटून घेऊ नका. 1882 साली जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. त्यातली तक्रार काय होती? महसूल येतो शेतकऱ्यांच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांकडे. वरच्यांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हा तेव्हाचा सरकारी समज होता, आणि जोतीरावांनी त्यावरच बोट ठेवलं होतं. आज ज्ञानाच्या जागी इंटरनेट ठेवा आणि ते वाक्य वाचून बघा. पैसा कोणाचा, पोहोचतंय कोणाला, हा प्रश्न आपल्याकडे मोबाईलच्या फार आधीचा आहे. तुमच्या निबंधाची सुरुवात फ्रेझरबाईंपासूनच व्हायला हवी असं काही नाही.

अभ्यासक्रम पारखायचा कसा? या नावाखाली दोन जातीचे अभ्यासक्रम चालतात. एका जातीत स्मार्ट बोर्ड, व्हिडिओ बनवणं, ऑनलाइन चाचणी तयार करणं असतं. वाईट नाही, पण ते तुम्ही यूट्यूबवर पाहून शिकाल. दुसऱ्या जातीत हे सगळं कोणासाठी, कोणाच्या पैशाने आणि फसलं तर भोगतं कोण, हे विचारतात. माहितीपत्रक वाचताना मी एकच बघते: फसलेल्या प्रयोगांना जागा आहे का? उदाहरणार्थ, पेरू देशाने ग्रामीण भागातल्या मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. 319 शाळांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक पडलेला दिसला नाही. किंवा इंग्लंडमधलं 2020 चं प्रकरण घ्या. परीक्षा रद्द झाल्या, शिक्षकांनी ग्रेड सुचवल्या आणि परीक्षा मंडळांच्या वरच्या सरकारी संस्थेने त्या गणिती सूत्रातून काढल्या. सुमारे 39 टक्के ग्रेड खाली आल्या. सूत्र शाळेचा जुना निकाल बघत होतं, त्यामुळे ज्या शाळेचे निकाल आजवर बेताचे होते तिथलं हुशार पोर आपोआप खाली ओढलं गेलं. जिथे एखाद्या विषयाला मुलं अगदी थोडी होती तिथे मात्र शिक्षकाचाच शब्द धरला गेला, आणि इतके छोटे वर्ग असतात ते जास्त करून खाजगी शाळांत. पोरं रस्त्यावर उतरली आणि चारच दिवसांत सरकारने ते मागे घेतलं. सूत्र लिहिणाऱ्या कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता, आणि मला ते प्रकरण शिकवायला आवडतं ते त्यासाठीच.

जवळचं म्हणाल तर देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तिथे शिक्षणातलं एम.ए. आहे, आणि चार राज्यांतल्या सरकारी हायस्कुलांत संगणक घेऊन उतरलेला एक मोठा प्रकल्प 2015 पासून तिथूनच उभा राहिला. त्यामुळे तंत्रज्ञान आणि सरकारी शाळा या दोन्हींची सवय असलेली माणसं तिथे भेटतात. बंगळूरचं अझीम प्रेमजी विद्यापीठ पूर्णवेळ आहे, पण घरचं उत्पन्न बघून फी कमी करतात. एस.एन.डी.टी.च्या जुहूच्या आवारात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा वेगळा विभाग आहे. बायकांसाठी 1916 साली निघालेल्या विद्यापीठात 'आईचा फोन एकही नाही' या ओळीवर काम व्हावं, असं मला मनापासून वाटतं. आयआयटी मुंबईतही या विषयात पीएच.डी. करता येते, पण ती पुढची पायरी, आणि तिथला भर 'मूल कसं शिकतं' यावर जास्त आहे.

नोकरी सांभाळून करायचं तर इग्नूचं एम.ए. शिक्षण आहे, हिंदीतून लिहिता येतं. तुमच्या ओळखीच्या मुक्त विद्यापीठातही शिक्षणशास्त्र आहे. तिथे 'सामाजिक न्याय' हे शब्द पदवीच्या नावात सापडणार नाहीत. सापडायची गरजही नाही. प्रकल्पाचा विषय तुमचा असतो.

परदेशाचं खूळ डोक्यात असेल तर काढू नका. एडिंबरा विद्यापीठाचं डिजिटल शिक्षणातलं एम.एस्सी. पूर्ण ऑनलाइन आहे आणि नोकरी करत करता येतं. लंडनच्या यूसीएलमध्ये शिक्षण आणि तंत्रज्ञान असं एम.ए. आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला वयाची अट नाही. दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे चौपट आहे, आणि शिकून दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, ते तुम्ही राहणारच आहात. अनुसूचित जाती-जमातींसाठी राज्य सरकारच्याही परदेश शिष्यवृत्त्या आहेत. त्यात बसत असाल तर वयाची आणि उत्पन्नाची अट त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा. त्या बदलत राहतात, शेजारच्याने सांगितलेल्या माहितीवर जाऊ नका. परदेशी ऑनलाइन पदवी घ्यायची असली तर तिला इथे समकक्षता मिळते का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या.

नोकरी सोडू नका. हे मी अगदी स्पष्ट सांगते. पगार हे एक कारण आहेच, घर चालवणाऱ्या बाईला त्याबद्दल लाजायचं कारण नाही. पण दुसरं कारण असं, की या विषयावर लिहिणारी माणसं शाळेत 'भेट' द्यायला येतात, आणि तुम्ही रोज सकाळी तिथे असता. प्रवेश घेण्याआधी उच्च शिक्षणाची परवानगी मात्र गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत रीतसर घ्या आणि तिची आवक-जावक नंबर असलेली प्रत जपून ठेवा. पूर्णवेळ जायचंच ठरलं तर अध्ययन रजेचा अर्ज करता येतो. ती हक्काची रजा नाही, मंजुरीवर आहे, आणि परत येऊन सेवा करण्याचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं. 'तोंडी हो म्हणाले होते' या वाक्याने कित्येक शिक्षकांचा घात झालेला मी पाहिलाय. साहेब बदलतात, कागद राहतो.

इंग्रजीचं काय? आहेच ती अडचण, नाही म्हणणार नाही. या विषयातलं बरंचसं वाचन इंग्रजीत आहे. आठवड्याला एक लेख घ्या, तोही पहिली दोन पानं आणि शेवटची दोन. अडलेले शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहा. सहा महिन्यांत तेच पन्नास-साठ शब्द फिरून फिरून येतात हे तुमच्या लक्षात येईल. हवं तर यंत्राकडून भाषांतर करून घ्या, त्यात काही पाप नाही, फक्त एकदा मूळ वाक्याशी ताडून बघा. लिहिताना मात्र आधी मराठीत लिहा. "भावाचा, देत नाही" ही ओळ तुम्ही इंग्रजीत विचार करून लिहिली असती तर तिचं 'लिंगभेदामुळे उपलब्धतेवर मर्यादा' असं काहीतरी झालं असतं आणि ती मुलगीच त्यातून निघून गेली असती.

शाळेतल्या त्या सरांचं 'आधी रेंज येऊ द्या' तुम्हाला वाटलं तितकं मला टाकाऊ नाही वाटत. हसू देत, पण त्यांनाही तुमच्या अभ्यासात घ्या. पोषण आहाराची रोजची माहिती भरायला, हजेरी चढवायला, उपक्रमाचे फोटो पाठवायला रेंज शोधत टेकडीवर जातं कोण? तुम्ही आणि तेच ना? मुलांना शिकवायला म्हणून आलेला फोन शिक्षकावर नजर ठेवायला कधी लागला, कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्यांना एकदा विचारा, आठवड्यातले किती तास त्या टेकडीवर जातात. हसता हसता आकडा सांगतील, आणि तो आकडा तुमच्या कामाचा असेल.

राहिली तुमची भीती, पीपीटीवाली मॅडम होण्याची. मी आयुष्यभर तीच मॅडम होते, त्यामुळे यावर अधिकाराने बोलू शकते. एका अध्यापक महाविद्यालयात मी बरीच वर्षं शिकवलं. तिथे संगणक आले तेव्हा त्यांना वेगळी खोली मिळाली, खिडकीला पडदे, वातानुकूलन, दारात पाटी: चपला बाहेर काढाव्यात. किल्ली प्राचार्यांकडे. आठवड्यातून एक तास मुलींना आत नेऊन मी 'शिक्षणात तंत्रज्ञानाचे महत्त्व' शिकवायचे. संगणकांवर प्लास्टिकची खोळ असायची, ती काढायची परवानगी नव्हती. मी खोळीकडे बोट दाखवून मॉनिटर समजावून सांगत होते, बाई! आणि त्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही. खोलीची किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्न मी विषयाबाहेरचा धरला होता.

तुम्ही चौथा रकाना आखला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या शिकण्यात तो रकाना राहिला तर तुम्ही माझ्यासारख्या मॅडम होणार नाही. पुसला गेला, तर पदवी कुठलीही असो, व्हाल.

आता कामाचं. या दिवाळीपर्यंत एवढं करा. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवा, तुमच्याकडच्या पावसात कागद तग धरत नाही. नावं झाकून पानांची प्रत काढा, 1 ते 27 नंबर तेवढे राहू द्या. शेजारी पाचवा रकाना करा: आता कुठे आहे. शाळेत, आश्रमशाळेत, भट्टीवर, लग्न झालं, माहीत नाही. घरोघर जाताना आधी पालकांना विचारा आणि कशासाठी विचारताय ते त्यांच्या बोलीत सांगा.

सुरुवात 14 नंबरपासून करा. ती शाळेत टिकली असली तर आता हायस्कुलात असेल. तिच्याकडे स्वतःचा फोन आला का, आणि आला नसेल तर भाऊ आता तरी देतो का, ते विचारून मला कळवा. तिचं नाव कळवू नका.